हात न लावता वाजणारे वाद्य

मंडळातर्फे गेल्या चतुर्थीची एक गोष्ट सांगतो.

जोयड्याच्या जंगलात रात्री रेडिओचे स्टेशन शोधताना जवळ हात नेला की कधी कधी शिट्टी घुमायची, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. आम्ही तिला बिघाड समजत होतो. त्या शिट्टीचे वाद्य झाले आहे, हे गेल्या वर्षी कळले. आपल्यातलाच एक मुलगा सुट्टीवर येताना ते घेऊन आला. त्याचे नाव थेरेमिन.

लहानसा डबा, एका बाजूला उभी दांडी, दुसऱ्या बाजूला आडवी कडी. रशियाच्या लेव्ह तेरमेन यांनी १९२०च्या सुमारास ते शोधले आणि १९२२ साली लेनिनला दाखवले. आत दोन विद्युतलहरी असतात. हात जवळ येताच एकीची कंपने बदलतात आणि दोघींतल्या फरकाचा सूर ऐकू येतो. दांडीजवळ हात नेला की सूर चढतो, कडीजवळ नेला की आवाज बारीक होतो.

आम्ही सगळ्यांनी हात हलवून पाहिले. निघाली ती कोल्हेकुई!

मग पेटीवाल्या काकांना बोलावले. संधिवाताने बोटे वाकल्यापासून दोन वर्षे ते भजनाला येत नव्हते. त्यांनी डोळे मिटून षड्ज शोधला. हात थरथरला की सूरही थरथरे. पण सा वरून रे वर जाताना अशी मींड आली की सारे गप्प झाले. पेटीला ही मींड नाही. तिच्यावर १९४० साली रेडिओने बंदी घातली, त्याचे हे एक कारण. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली.

क्लारा रॉकमोर यांनाही हाताच्या दुखण्यामुळे व्हायोलिन सोडावे लागले होते. पुढे थेरेमिनवर त्यांनी जगभर नाव मिळवले.

या वाद्याला पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत. सूर कुठे आहे ते फक्त कानाला ठाऊक. काका म्हणाले, "बोटं गेली, कान आहेत की!" आम्ही मात्र दोन वर्षे त्यांची बोटेच पाहत होतो. दुसरा पेटीवाला शोधला, पण त्यांच्या घरी एकदाही गेलो नाही.

सुट्टी संपली, थेरेमिन मुलाबरोबर परत गेले. काका राहिले. आता दर शनिवारी ते मुलांना सूर ओळखायला शिकवतात. आज आरतीनंतर तीच मुले भजन म्हणणार आहेत. ऐकून जा, आणि पुढच्या शनिवारी आपलीही मुले पाठवा.

गणपती बाप्पा मोरया!