कोंबडीची चरबी, अंड्याचं टरफल



चिकन सेंटरवाला कोंबडी सोलतो आणि कातडी बाजूच्या पिंपात भिरकावतो. त्या कातडीला पिवळी चरबी चिकटलेली असते. ती कढवली की तेल सुटतं आणि त्या तेलाचं बायोडिझेल होतं. केरळात, वायनाडमधल्या पूकोडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात संशोधक जॉन अब्राहम यांनी हे करून दाखवलं. त्यांना 2021 मध्ये पेटंटही मिळालं.

कृती म्हटली तर सोपी. 100 किलो चरबीला साधारण 11 किलो मिथेनॉल लागतं. त्यातून जवळजवळ 100 किलो बायोडिझेल आणि 10 किलो ग्लिसरीन निघतं. ही क्रिया घडवायला उत्प्रेरक लागतो. नेहमीचा म्हणजे कॉस्टिक सोडा. तो स्वस्त आणि झटपट, पण मिथेनॉलमध्ये विरघळतो. मग त्याला काढायचं, तर बायोडिझेल पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा आणि ते घाण पाणी कुठे सोडायचं, याची चिंता करा.

घन उत्प्रेरक इथे कामाला येतो. तो अंड्याच्या टरफलापासूनही बनवता येतो. टरफल म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. 900 अंशांच्या भट्टीत ते भाजलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. ही पूड चरबी आणि मिथेनॉलच्या मिश्रणात 60-65 अंशांवर ढवळायची, काम झालं की गाळून घ्यायची आणि पुन्हा वापरायची. कॉस्टिकपेक्षा वेळ जास्त लागतो, हे खरं. शिवाय थोडा चुना विरघळतोच आणि हवेतली ओल लागली की त्याचा जोर कमी होतो. प्रयोगशाळेतले बरेच दावे याच ठिकाणी लंगडे पडतात. कारखान्यात मात्र घन उत्प्रेरकाची वाट चालते. फ्रान्समध्ये सेत इथे 2006 मध्ये जस्त आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर चालणारा मोठा प्रकल्प उभा राहिला; अर्थात तिथे चरबी नव्हती, वनस्पती तेल होतं.

चरबीचं खरं दुखणं वेगळंच आहे. ती शिळी झाली, तिला पाणी लागलं, की तिच्यात मोकळी मेदाम्लं वाढतात. कॉस्टिक असो वा चुना, त्यांच्याशी गाठ पडली की साबण तयार होतो आणि सगळा माल फेसाळतो. मग आधी आम्लधर्मी उत्प्रेरक वापरून ही मेदाम्लं निवारावी लागतात. म्हणजे खर्च वाढला.

मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, तेव्हा हा उद्योग घरच्या गॅसवर कुणी करू नये. चिकन सेंटरवाल्यांना मात्र एक विनंती आहे. चरबी रक्त-आतड्यांत मिसळू देऊ नका, वेगळ्या कोरड्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी कढवायला द्या.