आमच्या कानातले आवाज
(शताब्दी सोहळ्यात दिंडीच्या टाळकरी मंडळींच्या वतीने केलेले भाषण)



व्यासपीठावर महाराज मंडळी बसली आहेत. परमार्थ त्यांनी सांगावा, आम्ही ऐकावा, ही रीत. आम्ही टाळकरी. आम्हाला सांगितलं गेलं की तुम्ही जुन्या गाण्यावर बोला, जुन्या गाणाऱ्यांवर बोला. ते मात्र आम्हाला जमेल, कारण आमचं आयुष्य चालण्यात गेलं आणि कान ऐकण्यात गेले.

आपली दिंडी निघाली तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. गावात वीज नव्हती, भोंगा नव्हता. अभंग पाठ व्हायचा तो कानानं. काकड्याला म्हातारे म्हणायचे, पोरं मागून ओढायची. चाल अशी कुठं लिहिलेली नव्हती. ती विणेकऱ्याच्या गळ्यात असायची आणि त्याच्यामागं चालणाऱ्याच्या पायात. अंबड सोडून शहागडला गोदामाईच्या काठावर पोचेपर्यंत दोन-चार अभंग पुरायचे. एकेक चरण घोळून घोळून म्हणायचा, मृदंग चढत जायचा, मग उतरायचा. मुक्ताईची पालखीही जालना-अंबडवरून याच वाटेनं जाते. त्या मंडळींची चाल ऐकून आपले लोक म्हणायचे, ‘ही खानदेशाची, ही आपली नव्हं.’ चालीवरून माणसाचा मुलूख ओळखू यायचा.

मग सिनेमा आला. 1936 साली प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ निघाला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. पुढच्या वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, पण आपल्याकडं त्याचं मोठेपण निराळं होतं. जत्रेतल्या तंबूत तो लागला की बाया-बापड्या पडद्याला हात जोडायच्या. त्यात बीज आणि झाडाचं एक गाणं आहे. ते लिहिलं शांताराम आठवले यांनी, संगीत केशवराव भोळे यांचं. पण ते इतकं उतरलं की कित्येकांनी तुकोबांचाच अभंग म्हणून पाठ केलं. पुढं 1953 च्या ‘गुळाचा गणपती’त गदिमांनी इंद्रायणीकाठचं गाणं लिहिलं, पु. ल. देशपांड्यांनी चाल लावली, भीमसेन जोशी गायले. त्याचंही तेच झालं.

आपल्या जुन्या मंडळींकडं यावर एक साधी कसोटी होती. शेवटच्या चरणात नाममुद्रा बघा. ‘तुका’, ‘नामा’, ‘एका जनार्दनी’ असं काही आलं तर दिंडीत म्हणा. नाही आलं तर घरी खुशाल ऐका, डोळे भरून आले तर येऊ द्या, पण टाळावर घेऊ नका. यात गाणाऱ्याचा अपमान नव्हता. ज्याचं माप त्याच्या पदरात, एवढाच अर्थ होता.

रेडिओ आल्यावर पहाट बदलली. पारावर एकच रेडिओ, भोवती पंचवीस माणसं. लताबाईंनी गायलेल्या ज्ञानोबारायांच्या विराण्या, त्याला हृदयनाथांचं संगीत. राम फाटकांनी चाल दिलेला नामदेवरायांचा अभंग भीमसेन गायचे, तेव्हा बैलं जुंपायची थांबायची. माणिक वर्मा, सुमन कल्याणपूर, जितेंद्र अभिषेकी. ही माणसं पंढरीला आपल्यासंगं चालली नाहीत, पण ज्यांना शेतीपायी, बाळंतपणापायी, म्हातारपणापायी वारीला जाता येत नव्हतं, त्यांची वारी या आवाजांनी घडवली. आपल्या गावातल्या लेकीसुनांना अर्धे अभंग रेडिओनं शिकवले. हे ऋण शताब्दीच्या दिवशी बोलून दाखवलं पाहिजे.

आणि मग कॅसेटचा काळ. प्रल्हाद शिंदे! तो आवाज काय सांगावा. कमावलेला, पण मातीतला. भीमगीतं त्यांनी गायली, कव्वाली गायली, विठ्ठलाची गाणी गायली. भीमजयंतीला जो आवाज वाजायचा, तोच आषाढीला वाजायचा. गावात आळ्या वेगळ्या होत्या, पण भोंग्यातला आवाज एकच. 2004 साली ते गेले. आजही सामानाच्या टेम्पोवर पहिलं गाणं त्यांचंच लागतं.

त्याच काळात बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ घरोघर आला. चाल गोड, उच्चार स्वच्छ. ज्या घरात हरिपाठ नव्हता त्या घरात तो सुरू झाला. 2023 साली महाराज गेले, तेव्हा कितीतरी घरांत आपलंच वडीलधारं माणूस गेल्यासारखं वाटलं.

आता मुद्द्याचं बोलतो. आज दिंडीत हरिपाठ लागला की तरुण मंडळी कॅसेटच्या चालीत म्हणतात. म्हातारे आपली जुनी चाल धरायला बघतात, दोन चरण धरतात आणि मग त्यांच्यात मिसळून जातात. वाद कुणी घालत नाही. वाद झाला असता तर बरं झालं असतं, निदान जुनी चाल ऐकू तरी आली असती.

रेकॉर्डचं एक गणित असतं. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. म्हणून अभंग आटोपशीर झाला. गाणारा एक, ऐकणारे हजार. दिंडीचं गणित उलटं. एक अभंग मैलभर पुरवायचा, गाणारे सगळे, ऐकणारा तेवढा पांडुरंग. आपली चाल वरच्या पट्टीत आहे, कारण ती माइकशिवाय शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत पोचायची होती. ती संथ आहे, कारण ती पायांसाठी बांधलेली आहे. ती कॅसेटपेक्षा गोड आहे असं आमचं म्हणणं नाही. ती चालायला सोपी आहे, एवढंच.

भीमसेनांचा आवाज राहील, लताबाईंचा राहील, प्रल्हाददादांचा राहील. ते सगळे कुठं ना कुठं भरून ठेवलेले आहेत. आपली चाल कुठंच भरलेली नाही. ती आज या मंडपात चार-पाच म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहे, आणि त्यातले दोघं यंदा चालू शकणार नाहीत.

म्हणून टाळकऱ्यांच्या वतीनं एकच मागणं. मोबाइलवर भरून ठेवा, ते तर कराच. पण मोबाइल चालत नाही, माणूस चालतो. यंदा शहागडच्या मुक्कामी संध्याकाळचा हरिपाठ जुन्या चालीत व्हावा. भोंगा बंद ठेवावा. म्हाताऱ्यांनी म्हणावं, पोरांनी मागून ओढावं. चुकलं तर चुकू द्यावं. अंबडपासून शहागडपर्यंतच्या वाटेत रोज एक अभंग याप्रमाणं जरी बसवला, तरी हळूहळू सगळा हरिपाठ पोरांच्या गळ्यात उतरेल.

टेम्पोवर प्रल्हाददादा वाजू द्या. टाळावर मात्र आपली चाल असू द्या.

रामकृष्ण हरी!