22 मिनिटांचं जेवण

हेडफोन लावून ऐकताय की मोबाईल चार्जिंगला लावून, स्पीकरवर? कसंही ऐका, पण आज जरा शेवटपर्यंत थांबा. आजचा विषय आहे हॉटेलात जेवायला जाणं. तुम्ही म्हणाल, यात काय विषय आहे? भूक लागली, गाडी काढली, गेलो. आमच्या घरात मात्र ही गोष्ट तीन वर्षं बंद होती.

मी मूळचा धावड्याचा. भोकरदन तालुका, जिल्हा जालना, आणि पलीकडे लगेच बुलढाणा जिल्हा सुरू होतो. नोकरीमुळे मी पुण्यात असतो, सॉफ्टवेअरमध्ये. गावाकडे आई-बाबा, दादा, वहिनी आणि त्यांची दोन लेकरं. मोठा पुतण्या आठ वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे, म्हणजे मराठीत स्वमग्नता. धाकटी पुतणी पाच वर्षांची, आणि ती दिवसभर बोलते.

मागच्या दिवाळीत मी घरी गेलो आणि जोशात म्हणालो, "चला, आज सगळे बाहेर जेवू, बिल माझं!" वहिनी काहीच बोलल्या नाहीत. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. आम्ही सात जण जीपमध्ये बसून बुलढाण्याच्या बाजूला एका हॉटेलात गेलो. वेळ रात्री साडेआठची, सुट्टीचा दिवस. टेबल मिळायलाच अर्धा तास. आत टीव्ही चालू, मिक्सर चालू, पोऱ्या स्टीलचे ग्लास टबात आदळतोय. आणि भटारखान्यातून मिरचीच्या फोडणीचा ठसका. आमचा भाग मिरचीचा, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पण पुतण्याने दोन्ही कानांवर हात दाबले आणि टेबलाखाली जाऊन ओरडायला लागला.

वहिनींनी दहीभाताचा डबा काढला, तर वेटर म्हणाला, "बाहेरचं चालत नाही ताई." शेजारच्या टेबलावरचे एक काका म्हणाले, "दोन ठेवून द्या, लगेच गप बसतंय." आम्ही पापडाचे पैसे देऊन निघालो. जीपमध्ये कुणीच बोलेना. मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सगळे जात जा. मी आणि हा घरी थांबत जाऊ." मागच्या सीटवरून पुतणी म्हणाली, "मग मी पण नाही जाणार."

मला रात्रभर झोप आली नाही. पोराचा राग नव्हता, त्या काकांचाही फार नव्हता. राग माझा मलाच आला होता. एखादा प्रोग्राम चालला नाही तर आम्ही युजरला शिव्या देत नाही, आमचं काय चुकलं ते बघतो. इथे मी बघितलंच नव्हतं.

आधी थोडं समजून घेऊ. ऑटिझम हा आजार नाही, मेंदूच्या वाढीतला वेगळेपणा आहे. 1943 मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा मुलांबद्दल सविस्तर लिहिलं. यातल्या बऱ्याच मुलांना आवाज, उजेड, वास, स्पर्श आपल्यापेक्षा खूप जास्त जाणवतात, तर काहींना कमी जाणवतात. आपला मेंदू मिक्सरचा आवाज मागे ढकलतो आणि समोरच्याचं बोलणं ऐकतो. त्यांच्याकडे सगळे आवाज एकाच व्हॉल्यूमवर येऊ शकतात. त्यात पुढे काय होणार, किती वेळ लागणार हे माहीत नसलं की घाबरणं आलंच.

हट्ट आणि हे, यात फरक आहे. हट्ट करणारं पोरगं मधून मधून आपल्याकडे बघतं, की यांच्यावर परिणाम होतोय का. आणि वस्तू मिळाली की थांबतं. असा भार झालेलं पोरगं कुणाकडे बघत नसतं, त्याला फक्त तिथून सुटायचं असतं. त्याला दोन ठेवून दिल्या तर भारात भरच पडते.

मग मी, दादा आणि वहिनी बसलो आणि प्लॅन केला. आमच्याकडे काय चाललं ते सांगतो. प्रत्येक मूल वेगळं असतं, त्यामुळे तुमच्याकडे यातलं काही बदलेल.

एक, वेळ. मी एका दुसऱ्या, लहान हॉटेलच्या मालकांना फोन केला. विचारलं, "दादा, चार वाजता गर्दी असते का?" ते म्हणाले, "चारला? चारला माशा पण नसतात भाऊ." झालं, वेळ ठरली. फोनवरच सगळं सांगून टाकलं. मुलगा असा असा आहे, कोपऱ्यातलं टेबल पाहिजे, भटारखान्यापासून लांब. टीव्ही बंद ठेवाल का? त्याचा भाताचा डबा चालेल का? ते म्हणाले, "त्यात काय एवढं, या." दोन मिनिटांचा फोन, पण आम्ही तीन वर्षं केला नव्हता.

दोन, फोटो. दादाने मोबाईलमध्ये सहा फोटो क्रमाने लावले. जीप, हॉटेलचं दार, टेबल, ताट, हात धुवायचं बेसिन आणि शेवटी आपलं घर. शेवटचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा, कारण हे संपणार आहे हे त्याला दिसायला पाहिजे.

तीन, तालीम. पहिल्या दिवशी फक्त हॉटेलसमोर गाडी थांबवली आणि परत आलो. दुसऱ्या वेळी आत पाच मिनिटं बसून पाणी प्यायलं. मालक चहाचे पैसे घेईनात. तिसऱ्या वेळी एक साधा पापड. कांदा नाही, मिरची नाही, मसाला नाही.

चार, कान. कारखान्यात मशीनवर काम करणारे कानाला लावतात तसले इअरमफ आणले. आधी आठवडाभर घरी सवय केली. नवीन वस्तू थेट हॉटेलात काढली असती तर तिचाच त्रास झाला असता.

पाच, ड्युटी. माझ्या मते हा खरा मुद्दा. ऑर्डर घरून निघतानाच फोनवर दिली, पैसे आधीच भरले. पोरगं अस्वस्थ झालं तर त्याला बाहेर कोण नेणार हे निघायच्या आधी ठरवलं. पहिली ड्युटी माझी, दुसरी दादाची. वहिनींची ड्युटी नाही! आई म्हणाली, "अरे, त्याला तीच लागते." मी म्हणालो, "आई, लागली तर आहेतच की. पण आधी उठायचं आपण."

गेलो. पुतण्याने पापड खाल्ला, अर्धा दहीभात खाल्ला. नंतर पंख्याकडे बघत बोटं हलवत बसला. ते त्याचं स्वतःला शांत ठेवणं आहे, आम्ही थांबवत नाही. अठराव्या मिनिटाला तो दाराकडे बघायला लागला. मी त्याला घेऊन बाहेर गेलो, आम्ही दोघांनी जीपभोवती चकरा मारल्या. आत सगळ्यांचं जेवण झालं. एकूण 22 मिनिटं.

घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, शेवभाजी गरम होती." मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, मुलाच्या मागे उठबस करता करता त्यांनी कितीतरी वर्षं बाहेर गरम घास खाल्लाच नव्हता.

दर वेळी असंच जमतं असं नाही. नंतर एकदा शेजारच्या हॉलमध्ये लग्नाचा बँड वाजला आणि आम्ही सात मिनिटांत सगळं पार्सल करून निघालो. पण त्या दिवशी कुणी रडलं नाही. निघून येणं हेही प्लॅनमध्येच होतं.

आता जरा बाहेर बघू. ब्रिटनमध्ये नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने 2017 मध्ये 'ऑटिझम अवर' सुरू केला. त्यात एक तास दुकानं दिवे मंद करायची, गाणी बंद ठेवायची. आपल्याकडे मुंबईत, जुहूला, 'कॅफे अर्पण' आहे. यश चॅरिटेबल ट्रस्टने 2018 मध्ये सुरू केला. तिथे ऑटिझम आणि इतर बौद्धिक दिव्यांगत्व असलेली मोठी माणसं पदार्थ बनवतात, ऑर्डर घेतात, वाढतात. मी वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या खूप वेळ गप्प होत्या. हॉटेलात आपला मुलगा कामालाही असू शकतो, हा विचारच आमच्या घरात कधी आला नव्हता.

कायद्याचंही माहीत असू द्या. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. घरात असं मूल असेल तर त्याचं यूडीआयडी कार्ड काढून घ्या. पण कार्ड दाखवून जेवायची वेळ येऊच नये, असं मला वाटतं.

म्हणून शेवटी तुम्हाला दोन विनंत्या. तुमच्या ओळखीत कुणाचं हॉटेल असेल, तर त्यांना सांगा की दुपारी गर्दी नसताना टीव्हीचा आवाज बंद करायला पैसे लागत नाहीत. आणि तुम्ही शेजारच्या टेबलावर असाल, समोर एखादं पोरगं कानावर हात ठेवून ओरडत असेल, तर सल्ला देऊ नका, व्हिडिओ तर अजिबात काढू नका. आपलं जेवण चालू ठेवा. फारच वाटलं तर त्याच्या आईला एवढंच विचारा, "ताई, काही मदत पाहिजे का?"

येत्या रविवारी, दुपारी चार वाजता, आम्ही परत जाणार आहोत. पुतणीने आत्तापासून ऑर्डर सांगून ठेवलीय. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!