बेलुमची गुहा आणि आपला आड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला एका सभासद भगिनीने आपण पाहिलेल्या एखाद्या स्थळाची माहिती सांगावी, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. यंदा कार्यकारिणीने माझे नाव पुढे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि चारचौघींपुढे बोलण्याचा सराव नाही. तेव्हा स्वयंपाक करता करता शेजारणीशी बोलावे तसेच बोलेन. विषयही ओट्यापासूनच सुरू करते.

आपल्या सोलापुरात जमिनीला शहाबादी फरशी आणि ओट्याला काळा कडप्पा, हे घरोघरचे. कडप्प्यावर लिंबाचा रस सांडला आणि लगेच पुसला नाही, तर फिकट डाग पडतो. मग कितीही घासा, तो जात नाही. याचे कारण असे की कडप्पा हा चुनखडीचा दगड, आणि आंबट पदार्थ चुनखडीला खातो. आता बोअरचे पाणी तापवण्याच्या पातेल्याचा तळ आठवा. तिथे पांढरा टणक थर बसतो. तोही चुन्याचाच. पाण्यात विरघळून आलेला चुना पाणी तापले की बाहेर पडतो आणि भांड्याला धरतो. विरघळणे आणि पुन्हा बसणे, या दोन गोष्टी जिला ठाऊक आहेत, तिला बेलुमची गुहा निम्मी समजली म्हणायची.

बेलुम हे गाव आंध्र प्रदेशात कोलिमिगुंडलाजवळ आहे. पूर्वी ते कर्नूल जिल्ह्यात होते; २०२२ पासून नंद्याळ जिल्ह्यात आले. आपली तिरुपतीची गाडी गुंतकल सोडल्यावर ताडिपत्रीला येते. तिथून बेलुम साधारण ३० किलोमीटर. आम्ही बालाजीचे दर्शन घेऊन परतताना तिथे उतरलो होतो. बरोबर हे होते, सासूबाई होत्या आणि शेजारच्या अक्का होत्या. अक्कांचे माहेर तेलुगु, त्यामुळे तिथल्या माणसांशी मनमोकळे बोलता आले.

अजिंठा-वेरूळची लेणी आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली आहेत. ती माणसांनी छिन्नी-हातोड्याने काळ्या कातळात कोरली. बेलुमची गुहा कोरली पाण्याने. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू शोषून घेते, त्यामुळे त्याला किंचित आंबटपणा येतो. सोड्याच्या बाटलीत हाच वायू असतो, फक्त पुष्कळ जास्त. असे पाणी चुनखडीच्या भेगांत शिरते आणि लाखो वर्षे दगड थोडा थोडा विरघळवत राहते. भेगेची फट होते, फटीची बोळ होते, बोळाचे दालन होते. पुढे पाणी आणखी खाली उतरले की वरची दालने कोरडी पडतात. मग छतातून ठिबकणाऱ्या थेंबातला वायू निघून जातो, आणि आपल्या पातेल्यासारखा चुना बसू लागतो. छतातून लोंबणारे आणि जमिनीतून वर येणारे ते लवणस्तंभ असे घडतात. शंभर वर्षांत बोटाच्या पेराएवढीही वाढ क्वचितच होते. हे ऐकल्यावर सासूबाईंनी जवळच्या खांबाकडे नेलेला हात आपणहून मागे घेतला.

बाहेरून पाहिले तर सपाट माळ आणि त्यात विहिरीसारखे तीन खड्डे. मधल्या खड्ड्यातून जिन्याने खाली उतरायचे. मोजलेली लांबी ३,२२९ मीटर. त्यातला सुमारे दीड किलोमीटर भाग प्रवाशांना पाहता येतो. आत दिवे आहेत, पायवाट आहे, हवेसाठी झरोके केले आहेत. तरी उकडते, घामाच्या धारा लागतात. सुती लुगडे नेसावे आणि पाणी जवळ ठेवावे, हा माझा अनुभवाचा सल्ला. कोटिलिंगालु नावाच्या दालनात शिवलिंगासारखे असंख्य आकार आहेत. सर्वांत खोल जागेला पाताळगंगा म्हणतात. तिथे एक बारीकसा झरा वाहत येतो आणि दगडात गडप होतो. तो बेलुम गावातल्या विहिरीला मिळतो, अशी गावकऱ्यांची श्रद्धा आहे.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला, ते सांगते.

या गुहेची नोंद रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकांनी १८८४ साली केली होती. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे तिकडे कोणी फिरकले नाही. १९८२ ते १९८४ या काळात डॅनियल गेबाउअर यांच्या जर्मन पथकाने ती आतून फिरून तिचा नकाशा केला. आणि तोपर्यंत आसपासची वस्ती त्या खड्ड्यांचा उपयोग कशासाठी करत होती? कचरा टाकण्यासाठी! माळावरचा खड्डा, खाली अंधार. टाकलेले दिसत नाही, म्हणजे गेले. १९८८ साली सरकारने गुहा संरक्षित केली आणि कचरा थांबला. त्यासाठी खुद्द बेलुमची आणि आसपासची माणसे पुढे आली. १९९९ साली राज्याच्या पर्यटन महामंडळाने काम हाती घेतले आणि २००२ साली गुहा लोकांसाठी खुली झाली.

त्या मुलखात पाऊस कमी. शेती बरीचशी आभाळावर, नाहीतर दगडाच्या खाणीत मजुरी. गुहेबाहेर भुईमुगाच्या शेंगा विकणारी एक बाई भेटली. अक्कांनी तिला बोलते केले. तिचा नवरा फरशीच्या खाणीत जातो. खाणीची धूळ छातीत बसते, काम आज असते आणि उद्या नसते. ती म्हणाली, "खाण बंद असते त्या दिवशी आमची चूल या टोपलीवर पेटते." रिक्षावाला, वाट दाखवणारा, झाडलोट करणारी, चहावाला, अशा कितीतरी घरांत गुहेमुळे दोन पैसे येतात. आणि ते पैसे असे आहेत, की गुहा जपली तर नातवंडांनाही मिळतील. खाणीतला दगड एकदा गेला तो गेला.

पण मैत्रिणींनो, खाणीला नावे ठेवणे आपल्याला सोपे नाही. तो दगड कोण विकत घेते? आपणच. ज्या जातीच्या काळ्या चुनखडीत बेलुमची गुहा आहे, तोच दगड त्या भागातून निघून कडप्पा म्हणून आपल्या ओट्यावर येतो. सिमेंटलाही चुनखडीच लागते. म्हणून खाणी बंद करा असे मी म्हणणार नाही. त्या बाईच्या नवऱ्याच्या हातचे काम काढून घ्यायला मी कोण? मात्र खाण कुठवर यावी आणि सुरुंग कुठे लावू नये, याला मर्यादा हवी, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायला गावाचे डोळे उघडे हवेत.

पाहणाऱ्यांनाही मर्यादा हवी. फ्रान्समध्ये लास्को नावाची गुहा आहे. तिच्या भिंतीवर हजारो वर्षांपूर्वीची जनावरांची चित्रे आहेत. १९४० साली ती सापडली, १९४८ साली खुली केली. माणसांच्या श्वासाने आणि दिव्यांच्या उजेडाने भिंतींवर शेवाळे धरू लागले, तेव्हा १९६३ साली ती बंद करावी लागली. म्हणून गुहेत गेल्यावर हात लावू नये, खांब वाजवून पाहू नये, नाव कोरू नये आणि आठवण म्हणून तुकडा आणू नये. मुलांना हे आत शिरण्यापूर्वीच सांगावे.

हे सगळे ऐकताना तुमच्यापैकी काहीजणींना आपल्या वस्तीतला जुना आड आठवला असेल. त्यात निर्माल्य पडते, फुटकी भांडी पडतात, मोडक्या गादीचा कापूसही मी पडलेला पाहिला आहे. आता तो बुजवून वर कट्टा बांधावा, असे बोलणे चालले आहे. पोरेबाळे पडतील ही भीती खोटी नाही. मलाही ती वाटते. पण नळाला पाणी रोज येत नाही, आणि उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन धावायला आपणच असतो. पुरुषमंडळी त्या वेळी कामावर असतात. बुजवलेला आड पुन्हा उघडणे फार अवघड. गाळ काढून, वर लोखंडी जाळी बसवून पाहिले, तर निदान धुण्या-सांडण्याचे पाणी मिळते का ते कळेल. पाणी नाहीच लागले, तर कट्टा बांधायला कोण अडवते?

माझी सूचना अशी. एक, या महिनाअखेरपर्यंत आडात काही टाकायचे नाही असे प्रत्येकीने आपल्या घरी सांगावे. निर्माल्यासाठी मंडळाने एक पिंप ठेवावे. दोन, आड बुजवण्यापूर्वी तो एकदा तपासून पाहावा, असा सह्यांचा अर्ज मंडळाने द्यावा. तीन, गाळ काढण्याच्या खर्चासाठी यंदाच्या सहलीची शिल्लक वापरावी. तिसऱ्या सूचनेवर वाद होईल हे मला ठाऊक आहे. तो आज चहापानाच्या वेळी खुशाल व्हावा, पण निर्णय घेऊनच उठावे.

बेलुमच्या माणसांनी आपल्या हाताने टाकलेला कचरा बाहेर निघाला, तेव्हा त्यांना आपल्या पायाखाली काय आहे ते कळले. आपल्या आडात गुहा निघणार नाही. निघाले तर पाणी निघेल, आणि आपल्याला तेवढे पुष्कळ आहे.