हिवतापाचे न मोजलेले मृत्यू

हिवतापाने मृत्यू झाला असे सरकारी दप्तरात लिहायचे, तर रुग्ण जिवंत असताना त्याच्या बोटाचे रक्त तपासलेले असावे लागते. काचपट्टीवर किंवा झटपट तपासणीच्या पट्टीवर जंतूंचा पुरावा मिळावा लागतो. ओडिशातल्या किंवा आपल्या गडचिरोलीतल्या जंगलगावी भर पावसाळ्यात नाले तुडुंब असतात आणि दवाखाना पलीकडच्या तीरावर. फाल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूत शिरला, की लहान मुलाला आकडी येते, शुद्ध हरपते आणि दोन-तीन दिवसांत ते दगावते. रक्त घेतलेच गेले नाही, तर त्या घरापुरता तो नुसता ‘ताप’ राहतो.

म्हणूनच या शतकाच्या आरंभी भारताच्या नोंदींत वर्षाला सुमारे हजार मृत्यू दिसत. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे 15,000 होता. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या अभ्यासाने दोन्ही आकडे हादरवले. 2001 ते 2003 या काळातील, नमुन्यादाखल घेतलेल्या सर्व कारणांच्या सुमारे 1,22,000 मृत्यूंची घरोघर चौकशी झाली होती. ताप किती दिवस होता, थंडी वाजून येत होता का, झटके आले का, असे घरच्यांना विचारून उत्तरे लिहून घेतली आणि दोन डॉक्टरांनी ती स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवले. निष्कर्ष निघाला: देशभरात हिवतापाने सत्तरीच्या आतले वर्षाला सुमारे 2,05,000 मृत्यू. त्यातले 86 टक्के कोणत्याही दवाखान्याबाहेर झालेले.

जागतिक आरोग्य संघटनेने आक्षेप घेतला. विषमज्वर, न्यूमोनिया, मेंदुज्वर यांतही ताप असतोच. आईच्या आठवणीवरून ते वेगळे कसे काढणार? आक्षेप रास्त आहे. पण रक्ततपासणीही अचूक न्याय देतेच असे नाही. हिवतापाच्या पट्ट्यात अनेक धडधाकट माणसांच्या रक्तात जंतू असतात; असा माणूस दुसऱ्याच रोगाने गेला, तरी दोष हिवतापावर येऊ शकतो. शिवाय चौकशीतून निघालेले मृत्यू फाल्सिपेरमचा जोर असलेल्या ओडिशासारख्या भागांतच दाटलेले होते, ही गोष्ट सहज झटकण्यासारखी नाही. अभ्यासकांनी आपली खालची मर्यादाही दिली होती, सव्वा लाख. तीसुद्धा पंधरा हजारांच्या आठपट आहे.

आता गावातल्या आशाताईकडे तपासणीची पट्टी असते. पंधरा-वीस मिनिटांत निदान होते आणि गोळ्या त्याच दिवशी सुरू होतात. मृत्यूच्या नोंदीची गती मात्र तशी नाही. 2020 मध्येही देशातल्या नोंदवलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्यालाच डॉक्टरांनी कारण लिहून दिलेले होते.