तलाकच्या अलीकडचा प्रश्न

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या चळवळीत तलाकवर खूप बोललं गेलं आणि ते गरजेचंच होतं. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. त्यानंतर ५१ वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला. २०१९ मध्ये कायदाही झाला. ही लढाई ज्यांनी लढली त्यांचे उपकार माझ्यासारख्या प्रत्येकीवर आहेत.

पण आज मला अशा बाईबद्दल बोलायचं आहे, जिला तलाक मिळालेलाच नाही. निकाह शाबूत आहे, नवरा घरात आहे आणि मारही घरात आहे. मोहल्ल्यात तिच्याबद्दल कुजबुज होते तेव्हा लोक म्हणतात, ‘सोडलं तर नाही ना? नांदवतोय ना? मग झालं.’ मी आठ वर्षं अशी ‘नांदत’ होते.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, सासर इचलकरंजीचं. दहावी झाली, अठरा पूर्ण झाली आणि निकाह लागला. नवरा मागावर कामाला. मारायचा तेव्हा सगळे मला कारणं सांगायचे. मंदी आहे, माग बंद आहेत, रात्रपाळीने माणूस चिडतो. मंदी खोटी नव्हती. पण त्याचा राग मालकावर कधी निघाला नाही, मुकादमावर निघाला नाही. तिथे हात बरोबर खिशात राहायचे. म्हणजे त्याला हात आवरता येत होता. हे माझ्या लक्षात आलं त्या दिवसापासून मी कारणं ऐकणं बंद केलं. कुठल्याही बाईची अशी तक्रार आली तर तुम्हीही हाच प्रश्न विचारा, हा बाहेर कुणाला मारतो का?

आमच्यासाठी तीनदा बैठक बसली. तिन्ही वेळा चहा झाला, त्याने माफी मागितली, एकदा तर शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलं. मला सांगितलं, ‘सब्र कर बेटी.’ तो कागद कपाटात पडून राहिला आणि मार चालू राहिला. सब्र या शब्दाबद्दल मला एवढंच म्हणायचंय की आजारपण आलं, गरिबी आली, घरातलं माणूस गेलं, तर सब्र. जुलूम करणाऱ्याला मोकळं रान देणं हा सब्र नव्हे. आणि ज्या पैगंबरांचं नाव घेऊन बाईला गप्प बसवतात, त्यांनी बायकोवर कधी हात उचलला नाही, हे हदीसमध्ये आलेलं आहे. ते त्या बैठकीत कुणाला आठवलं नाही.

मी एकटी होते का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ मध्ये झालं. त्यात लग्न झालेल्या दर दहा बायकांपैकी जवळजवळ तिघींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. सगळ्या धर्मांच्या, सगळ्या जातींच्या बायका त्यात आहेत. याहून वाईट आकडा पुढचा आहे. मार किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्यांपैकी ७७ टक्के बायकांनी कुणाला सांगितलंही नाही आणि मदतही मागितली नाही. आपल्या मुलींच्या गप्प बसण्याला आणखी एक कारण असतं. त्यांना वाटतं, आपला निकाह शरियतने झाला, म्हणजे कोर्टाचा कायदा आपल्यासाठी नाही. मलाही असंच सांगण्यात आलं होतं.

म्हणून हे नीट ऐका. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा २००५ चा आहे आणि तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो बाईचा धर्म विचारत नाही. तलाक झाला का, हेही विचारत नाही. निकाह कायम ठेवून बाई एवढंच मागू शकते की मारहाण थांबली पाहिजे. मारणं, लैंगिक जबरदस्ती, शिव्या आणि अपमान, पैसे अडवणं, दागिने काढून घेणं, हे सगळं या कायद्यात हिंसा म्हणून धरलं आहे. ज्या घरात ती नांदली त्या घरात राहायचा तिला हक्क आहे. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला वाटेल तेव्हा रस्त्यावर काढता येत नाही. परत जायचं नसेल तर दुसऱ्या जागेचं भाडं मागता येतं. मुलांचा ताबा आणि खर्च मागता येतो. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत तुरुंगवास किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्ज भरायला संरक्षण अधिकारी मदत करतात, त्याचे पैसे लागत नाहीत. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, आणि बाई असेल तर तिथे उत्पन्नाचा दाखला आड येत नाही.

कायद्यात लिहिलंय की साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा. माझ्या अर्जाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. पण तात्पुरता आदेश मधेच मिळतो आणि त्याच आदेशावर बाई तग धरते. म्हणून अर्ज करतानाच तो मागायचा.

आता घर सोडण्याबद्दल. सिनेमात बाई रात्री पावसात बॅग घेऊन निघते. तसं करू नका. बाई निघते आहे हे मारणाऱ्याला कळतं तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो. मी चार महिने तयारी केली. घरी कांडी भरून जे सुटायचं त्यातले थोडे बचत गटात टाकायचे. तो माझी पर्स तपासायचा, गटाची वही तपासायला त्याला सुचलं नाही. आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्स गटातल्या एका ताईंच्या घरी ठेवल्या. त्या लिंगायत, मी मुसलमान. आमच्यात फक्त दर आठवड्याच्या पन्नास रुपयांचं नातं होतं. निकाहनामा नवऱ्याच्या ताब्यात होता, म्हणून भावाने काझींच्या रजिस्टरवरून नक्कल काढून आणली. मुलांची शाळा सुटायच्या वेळी, नवरा पाळीवर असताना, मी निघाले. पहिल्यांदा सरकारी दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांकडून जखमांची नोंद करून घेतली. मग पोलीस ठाणं. तिथे अदखलपात्र म्हणून लिहून घेतलं. मी त्याचीही प्रत मागून घेतली. पुढे कोर्टात हे दोन्ही कागद कामाला आले.

मग खरं काम सुरू झालं. मला खोली हवी होती. मिरजेत एका दवाखान्यात आयाचं काम मिळालं होतं, पगार येणार होता, पण खोली मिळेना. दुसऱ्यांच्या वस्तीत विचारायचे, ‘मुसलमान का?’ आपल्या मोहल्ल्यात विचारायचे, ‘नवरा कुठंय?’ दोन्ही प्रश्नांचा अर्थ एकच, जागा नाही. आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर माझ्याबरोबर आल्या आणि घरमालकाला म्हणाल्या, ‘हिची जबाबदारी माझी.’ अकरा महिन्यांचा करार माझ्या नावावर झाला. त्यावरून आधारचा पत्ता बदलला, मुलांचे शाळेचे दाखले झाले, रेशनकार्डाचा अर्ज झाला. सुरक्षित आयुष्य म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी तो भाडेकरार दाखवीन. शाळेत मुख्याध्यापकांना कोर्टाच्या आदेशाची प्रत देऊन ठेवली, की माझ्याशिवाय मुलांना कुणाच्या हाती द्यायचं नाही.

सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी केली. मग नर्सिंग असिस्टंटचा वर्षाचा कोर्स केला. आज मी त्याच दवाखान्यात वॉर्डात काम करते.

निकाहाचंही सांगते, कारण मुली हे विचारतात. मला सगळ्यांनी खुला घ्यायला सांगितलं. खुलामध्ये बहुतेक वेळा बाईला मेहर सोडायला लावतात. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आहे. नवरा मारतो, जगणं नकोसं करतो, बायकोची मालमत्ता परस्पर विकतो, ही सगळी त्यात क्रूरतेची कारणं आहेत. दोन वर्षं पोसलं नाही हेही वेगळं कारण आहे. त्या कायद्याने निकाह तोडला तर मेहरचा हक्क जात नाही. मी तो रस्ता धरला. पोटगीबद्दलही संभ्रम होता. १० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की सर्वांसाठी असलेल्या फौजदारी कायद्यातून पोटगी मागायचा हक्क घटस्फोटित मुस्लिम बाईलाही आहे.

कागदांवर न येणारी एक गोष्ट सांगायची राहिली. मार थांबला तरी अंग ते विसरत नाही. वर्षभर मी दाराला ट्रंक लावून झोपायचे. जिन्यात चपलांचा आवाज आला की हातातलं भांडं खाली पडायचं. आणि मग एके दिवशी माझ्या सात वर्षांच्या मुलाने बहिणीला मारलं. मारताना त्याने वापरलेले शब्द त्याच्या बापाचे होते, अगदी त्याच सुरात. मी त्याला मारलं नाही. समुपदेशक ताईंकडे दोघांना घेऊन गेले, आठवड्यातून एकदा, दीड वर्ष. घरात नियम केला, राग आला तर बोलायचं, ओरडलं तरी चालेल, हात उचलायचा नाही. आणि हा नियम आईलाही लागू. तो आता चौदा वर्षांचा आहे. परवा बहिणीशी कडाक्याचं भांडला आणि उठून गच्चीवर जाऊन बसला. अर्ध्या तासाने खाली येऊन जेवला. कोर्टाच्या कुठल्याही आदेशापेक्षा मला याचा आनंद जास्त आहे.

तुम्ही इथे बहुतेक जण विशी-पंचविशीतले आहात. तुमच्याकडे उद्या कुणी आपा, खालाची मुलगी, वर्गमैत्रीण येईल. ती बोलली की ‘तू काय केलं होतंस?’ असं विचारू नका. ‘बरं झालं सांगितलंस. आता घरी जाणं सुरक्षित आहे का?’ एवढं विचारा. तिचे कागद सांभाळा. तिच्या फोनवर या विषयाचे मेसेज पाठवू नका, फोन दुसराच कुणी बघत असतो. तिच्यासोबत दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा. एकट्या बाईला ‘उद्या या’ म्हणतात, दोघे दिसले की खुर्ची देतात. ती परत नवऱ्याकडे गेली तर तिच्यावर रुसू नका. पुन्हा येईल तेव्हा तिला दार उघडं दिसलं पाहिजे. आणीबाणीत ११२, महिला हेल्पलाइन १८१, हे दोन नंबर पाठ करा.

मुलींनो, निकाहनामा सही करण्याआधी वाचा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. शिक्षण, नोकरी, तलाक-ए-तफवीज, या अटी त्यात लिहून घेता येतात. जो मुलगा या अटींवर चिडतो त्याची ओळख निकाहाआधीच झाली, हाही फायदाच.

मुलांनो, तुमच्या दोस्ताने बायकोला मारलं हे कळलं आणि तुम्ही त्याच्यासोबत नेहमीसारखा चहा प्यालात, तर तुम्हीही त्या बैठकीतले एक झालात. त्याला तोंडावर सांगा. मोहल्ल्यात बैठक बसली तर तिथे उभं राहून विचारा, ‘ती सुरक्षित कुठे राहणार, हे आधी ठरवा. समेटाचं नंतर बघू.’ असं बोलणारा एक जरी तरुण माझ्या तीन बैठकांपैकी एकीत असता, तर माझी काही वर्षं वाचली असती.

तुमचे प्रश्न असतील ते विचारा. उघड विचारायचे नसतील तर चिठ्ठीवर लिहून द्या, नाव लिहायची गरज नाही.