मागणी आणि मर्यादा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



संगणकावर बोलावे, असा आपला हुकूम झाला. विषय परका वाटू नये म्हणून सुरुवात शाळेच्या सूचनाफलकापासून करतो. फलक एक आणि हक्क सांगणारे दहा. परीक्षेचे वेळापत्रक, खेळांच्या स्पर्धा, देणगीदारांची नावे, शिष्यवृत्तीची तारीख; प्रत्येक जण म्हणतो, माझा कागद मधोमध लावा. सर्वांचे ऐकले की कागदावर कागद चढतात आणि ज्या गरीब मुलाला शिष्यवृत्तीची तारीख हवी होती, त्यालाच ती सापडत नाही.

शाळेची वेबसाइट म्हणजे असाच फलक. तिच्यावर मजकूर चढविण्याच्या साधनाला काँटेंट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर म्हणतात. संगणकाचे खास शिक्षण नसलेल्या शिक्षकालाही सूचना टाकता यावी, हा त्याचा हेतू. त्यांपैकी सर्वांत प्रचलित असलेले वर्डप्रेस २००३ साली निघाले. वापरणारे वाढले तशा मागण्याही वाढल्या. एकेक मागणी रास्त असते; पण प्रत्येक नव्या बटणाने पडदा भरतो, नवखा माणूस गोंधळतो आणि ते बटण पुढे वर्षानुवर्षे सांभाळावे लागते. म्हणून वर्डप्रेसच्या कर्त्यांनी एक तत्त्व जाहीर केले आहे: वापरणाऱ्यापुढे पर्यायांचा ढीग टाकू नये, शक्य तेथे निर्णय आपणच घ्यावा.

या तत्त्वाची परीक्षा डिसेंबर २०१८ मध्ये झाली. लिहिण्याचा जुना पडदा बदलून तुकड्या-तुकड्यांनी पान रचण्याची ‘गुटेनबर्ग’ पद्धत आली. जुन्यावर हात बसलेल्यांनी तक्रारींचा पाऊस पाडला. कर्त्यांनी नवी पद्धत मागे घेतली नाही. मात्र ज्यांना जुना पडदा हवा, त्यांच्यासाठी वेगळी जोडणी दिली. लाखो वेबसाइटांनी ती घेतली. हट्टही नाही आणि शरणागतीही नाही!

आता आपल्या घरची गोष्ट. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मराठीबरोबर उर्दूही वाचतात आणि उर्दू वाचणाऱ्याचा डोळा नस्तालीकला सरावलेला असतो. त्या वळणातला शब्द उजवीकडून डावीकडे जाताना उतारावरून उतरतो, म्हणून त्याला उंची जास्त लागते. हे वळण यंत्रात बसविणे सोपे नव्हते. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड्या हाताने लिहून ‘नूरी नस्तालीक’ सिद्ध केले, तेव्हा कोठे १९८१ साली ‘जंग’ दैनिक त्यात छापू लागले. पडद्यावरची बटणे तर बहुधा इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेली. त्यांत नस्तालीकचे डोके तरी कापले जाते, नाही तर पाय. आपल्या मराठीच्या मात्रा आणि उकारांचीही कधी कधी हीच गत होते.

मग नस्तालीक मागणे चूक आहे काय? मुळीच नाही. सूचना आणि बातम्या नस्तालीकमध्ये द्याव्यात, अरुंद बटणांवर नस्ख वापरावे. जागेची मर्यादाही पाळली जाते आणि वाचकही तुटत नाही.

मित्रहो, मला सांगायचे आहे ते एवढेच. मागणी करणाऱ्याचा आवाज किती मोठा आहे, हे पाहू नका. ती नाकारली तर कोणाचे काम अडते, हे पाहा. देणगीदाराचे छायाचित्र लहान छापले, तर थोडी नाराजी होईल. पण तेल्हाऱ्यातल्या एखाद्या आईला मोबाइलच्या लहान पडद्यावर आपल्या मुलीच्या प्रवेशाची तारीख वाचता आली नाही, तर मुलीचे वर्ष जाईल. या दोन मागण्या एकाच तराजूत कशा घालता येतील?

विद्यार्थ्यांनो, तुमच्यातले काही उद्या अशी साधने घडवतील. वापरणाऱ्याजवळ अर्धा तास गप्प बसा आणि त्याचे बोट कोठे अडते ते पाहा. पालकहो, आपणही “अमुक बटण द्या” एवढेच सांगू नका. काय करायचे होते आणि कोठे अडले, ते सांगा. बटण कदाचित मिळणार नाही, पण अडचण सुटण्याची वाट सापडेल.